कॅसेटीचे पहिले सात सेकंद

मी कम्प्युटरच्या डब्यात रॅमची पट्टी बसवत होतो आणि कमल, माझी बायको, टॉर्च धरून उभी होती. "जोर लावा की! काय लेकराला थोपटून राहिलात?" म्हणाली. पट्टी टक्कन बसली. आम्ही मिळून केलेलं शेवटचं काम ते. त्याच आठवड्यात तिच्या छातीत कळ आली. हिंगोलीच्या दवाखान्यात नेईपर्यंत संपलं.

आमचा धंदा लग्नाच्या शूटिंगचा. मी सातवी शिकलेला. आधी खांद्यावरचा जुना कॅमेरा होता, एडिटिंगला नांदेडच्या चकरा. मग ठरवलं, नवा कॅमेरा अन् एडिटिंगचा कम्प्युटर, दोन्ही आपलंच घ्यायचं. दुकानदार म्हणे, "मामा, तीन चिपचा कॅमेरा घ्या, रंग बघा." तीन रंगांना तीन चिपा, म्हणून महाग. कमल म्हणाली, "समदा पैसा ह्याच्यातच घातला तर कम्प्युटर काय टोपल्यात बसवता?" एका चिपचाच घेतला, पण बाहेरचा माइक लागणारा. कम्प्युटरचा डबा साधा पत्र्याचा, हार्डडिस्क मात्र दोन. तासभर शूटिंगला तेरा जीबी लागतात. तिथं हात आखडला की काम अडतं.

हात आखडला तो कॅसेटीत. एक लग्न झालं की त्याच कॅसेटीवर दुसरं. जुनं पुसून जायचं. नवी चिठ्ठी कमलच चिकटवायची.

पंधरा दिवसांनी पुसेगावचे मारोतराव आले. त्यांच्या पोरीच्या लग्नाचं शूटिंग आम्ही दोघांनी केलेलं शेवटचं. खाली बघत म्हणाले, "भाऊ, तकलीफ देऊन राहिलो. जावई परवा पुण्याला चालले. सीडी..."

"होईल की. त्यात काय?"

कॅसेट लावली. कॅसेटीच्या सुरुवातीचा भरवसा नसतो, म्हणून आम्ही तेवढ्यात पांढरं दाखवून घ्यायचो. पांढरं काय ते कॅमेऱ्याला कळलं की बाकीचे रंग बराबर येतात. ते काम कमलचं. पडद्यावर तिचा पांढरा रुमाल आला. मागून आवाज, "झालं का? हात दुखून राहिला." रुमाल खाली आला. तोंड दिसलं. मग मंडप.

सात सेकंद. एडिटिंगमध्ये पहिलं तेच कापायचं. मारोतरावांच्या सीडीतून कापलं. त्यांच्या लग्नात तिचं काय काम?

पण दुसऱ्या दिवशी नरसी गावात लग्न होतं आणि घरात कॅसेटी मारोतरावांच्या लग्नाच्या ह्याच तीन. कम्प्युटरात ठेवावं, तर हार्डडिस्क कधी बसेल त्याचा नेम नाही. इतकी वर्षं ती प्रत्येक कॅसेटीत होती आणि प्रत्येक वेळी आम्हीच पुसली. तिचा आवाज आता एवढाच होता.

हा धंदा करणाराला सांगतो. कॅमेरा हलका चालतो, डबा पत्र्याचा चालतो. कॅसेट नवी घ्या.

सकाळी दुकानदाराला घरून उठवून आणलं, शटर उघडायला लावलं आणि तीन नव्या कॅसेटी घेतल्या. नरसीला गेलो. नवरीच्या मामाच्या हातात रुमाल दिला.

"वर धरा," म्हटलं. "अन् बोलू नका."