उन्हाळ्यावाली सून

मी सर्वांत जास्त आजारी होते तेव्हाच गोंदियाला लागून असलेल्या फुलचूरच्या आमच्या कॉलनीला मी सर्वांत जास्त आवडत होते.

घराच्या पुढच्या खोलीत माझं शिलाई मशीन आहे. ब्लाउज, ड्रेस, साडीला फॉल-पिको, एवढंच काम. पण लग्नसराईत तिथे पाय ठेवायला जागा उरत नाही. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात मला झोप येईनाशी झाली आणि तिची गरजही वाटेना. अख्खं गोंदिया कूलरसमोर लोळत होतं आणि मी गाणी म्हणत मशीन चालवत होते. आज टाकलेला ब्लाउज उद्या तयार. गिऱ्हाइकांचं माप घेता घेता मी सांगायची, आता मुलींसाठी शिवणक्लास काढते, मग कोहमाऱ्याच्या चौकात दुकान टाकते, मग देवरीला, मग थेट रायपूरला. ढाब्यांच्या गर्दीत कोहमाऱ्याला ब्लाउज कोण शिवून घेणार, हे कोणी विचारलं नाही. सगळ्या म्हणत, "किती एनर्जी आहे हो तुमच्यात!"

कॉलनीत बायकांचं एक सकारात्मक विचार मंडळ आहे. ते चालवणाऱ्या मॅडम पहाटे उठतात आणि उरलेला दिवस आपण पहाटे उठलो हे सांगण्यात घालवतात. त्यांनी मला सभागृहात स्टेजवर उभं केलं. "आळस काय असतो हे या बाईला माहीतच नाही. शिका काही!" असं म्हणून माइक माझ्या हातात दिला. मी शिवणकामापासून सुरुवात केली, तिथून मुलींच्या शिक्षणावर गेले, तिथून धानाच्या पिकावर आणि तिथून परमेश्वरावर. शेवटी मागून कोणीतरी वायर काढली. टाळ्या मात्र जोरात पडल्या. त्या बहुधा वायर काढणाऱ्यासाठी असाव्यात.

त्याच भरात मॅडमनी मुलीच्या लग्नाचे सगळे ब्लाउज माझ्याकडे टाकले आणि रंग जुळवायला सोबत शालूही ठेवला. शालूच्या पदरावर मोर होते. एका दुपारी मला अगदी स्वच्छ दिसलं, की हे मोर पदरावर चुकून बसलेत, त्यांची खरी जागा बाह्यांवर आहे. मी कैची घेतली.

बाह्या सुंदर झाल्या होत्या, हे मी आजही सांगेन.

मॅडमनी बाह्या पाहिल्या, मग पदर पाहिला आणि आवाज चढवला. "पागल झाली का तू? दिमाग ठिकाने पे है क्या?" माझ्या प्रकृतीचं ते पहिलं बरोबर निदान होतं. मी मात्र हसत होते. त्यांना कलेतलं काही कळत नाही, असं मी त्यांना समजावूनही सांगितलं. लग्न दुसऱ्या शालूवर लागलं. माझ्या नवऱ्याने हात जोडून माफी मागितली आणि घरी येऊन तो जेवण न करता झोपला.

पावसाळ्यात धानाची रोवणी संपता संपता मी खाटेवरून उठेनाशी झाले. काही घडलं म्हणून नाही. उठण्यासाठी आत जे काही लागतं तेच संपलं होतं. दात घासायचे तर ब्रश शोधा, पेस्ट लावा, हात हलवा. एवढी कामं एका माणसाने कशी करायची, असं वाटायचं. पुढच्या खोलीत कापलेल्या कापडांची गाठोडी तशीच पडली होती. बायका दारातूनच हाका मारायच्या आणि मी चादर डोक्यावर ओढून घ्यायची. "किती एनर्जी" म्हणणाऱ्या त्याच आता म्हणायच्या, "कामचोर झाली."

मग सल्ले सुरू झाले. सकाळी फिरायला जा. गरम पाण्यात लिंबू घे. सासूबाई कोहमाऱ्याजवळच्या आमच्या गावाहून येऊन राहिल्या होत्या. त्यांनी अंगारा आणून माझ्या कपाळाला लावला आणि वर म्हणाल्या, "काम केलं तं बरं वाटते, माय. रिकामं डोस्कं किडते." मॅडमही आल्या. शालूबद्दल त्यांनी मला मोठ्या मनाने क्षमा केली होती आणि त्या मोठ्या मनाबद्दल कॉलनीत सगळ्यांना सांगून झालं होतं. शिवाय त्यांचा एक ब्लाउज अजून माझ्याकडेच होता.

खाटेच्या कडेला बसून त्या म्हणाल्या, "माझ्यामागे म्हण. मी आनंदी आहे."

"मी आनंदी आहे."

"असं नाही. जोर लावून."

"मी आनंदी आहे. तुमचा ब्लाउज झाला नाही."

त्या उठल्या. सकारात्मकतेलाही वेळेची मर्यादा असते.

शेवटी नवरा मला गोंदियातल्याच एका मानसोपचाराच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. तो सरकारी कार्यालयात कारकून आहे, कुठलंही काम तो निमूटपणे रांगेत उभा राहून करतो. सासूबाई आग्रहाने सोबत आल्या. डॉक्टरबाईंनी माझ्या झोपेचं, भुकेचं विचारलं. मरणाचे विचार येतात का, तेही विचारलं. मी ‘हो’ म्हणून मान हलवली. नवऱ्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

मग त्यांनी विचारलं, "उन्हाळ्यात कशा होत्या या?"

नवऱ्याचा चेहरा उजळला. "उन्हाळ्यात एकदम फर्स्टक्लास होती, मॅडम! झोपतच नव्हती. काम, काम आणि काम. फक्त तो शालू..."

डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, "तोही आजारच होता. हा त्याच आजाराचा दुसरा भाग आहे."

 नवऱ्याची आवडती बायको म्हणजे आजार निघाला होता. सासूबाईंना मात्र हार मान्य नव्हती. त्या पुढे सरकून म्हणाल्या, "असं करा ना बाई, अशी गोळी द्या का उन्हाळ्यावाली सून राहील अन् पावसाळ्यावाली जाईल."

"तशी गोळी नाही, आजी."

"काऊन नाही? एवढ्या मोठ्या डिगऱ्या कायले टांगल्या मंग भिंतीवर?"

मला त्या महिन्यात पहिल्यांदा हसू आलं.

गोळ्यांनी मी बरी होत गेले, पण गोष्टीतल्यासारखी नाही. तहान लागायची, वजन वाढलं, मधूनमधून रक्त तपासून घ्यावं लागायचं आणि हाताला बारीक कंप सुटला. शिवणाऱ्या बाईच्या हाताला कंप! सुईत दोरा ओवायला मी नवऱ्याला बसवायची. तो ऑफिसातून आला की चष्मा लावून चार-सहा सुया ओवून ठेवायचा. त्याने मला कधी धीर दिला नाही, सुया दिल्या. त्याचा जास्त उपयोग झाला.

सुरुवात हुकांनी केली. कटिंगला डोकं लागतं, हूक लावायला लागत नाही. कधी ब्लाउजला हूक लावून झाले, कधी नुसती बॉबिन भरून पुन्हा आडवी झाले. मग मीच ठरवलं, की तुरपाई, काज, हूक ही जड दिवसांची कामं. कटिंग बऱ्या दिवसांचं. आणि फार चांगल्या दिवसांत काहीच नाही. त्या दिवसांसाठी सासूबाई आहेत. त्या आता इथेच राहतात आणि कैची तांदळाच्या कोठीत ठेवतात.

"आज लय बोलून राहिली तू," त्या म्हणतात. "कैची भेटत नाही."

"अहो आई, मी खुशीत आहे, बाकी काही नाही!"

"थेच तं भेव आहे."

चिडचिड होते. स्वतःच्या घरात आनंदी व्हायलाही परवानगी लागावी, याचा रागही येतो. पण बहुतेक वेळा त्यांचंच बरोबर निघतं, आणि मग मी डॉक्टरबाईंना फोन करते.

गिऱ्हाइकांना आता मी उशिराची तारीख देते. काही जणी दुसरीकडे गेल्या. त्यांना उन्हाळ्यावालीच हवी होती. मॅडमच्या मंडळानेही मला पुन्हा बोलावलं, सकारात्मक विचारांनी आजारावर कशी मात केली ते सांगायला. मी म्हटलं, गोळ्यांविषयी सांगेन. "ते नको," त्या म्हणाल्या, "निगेटिव्ह वाटतं." मी गेले नाही.

यंदा दिवाळीनंतर, गावोगावी मंडईच्या जत्रा भरत असताना, पुन्हा जड दिवस आले. औषध चालू असतानाही आले. तेव्हा चिचगडची एक तरुण शिक्षिका ड्रेस शिवायला आली. मशीनवर माझ्या गोळ्यांची पट्टी पडली होती. तिच्यावर बोट ठेवून ती हळूच म्हणाली, "हीच मी पण घेते. घरी माहीत नाही."

मी तिला बसायला स्टूल दिलं.

"तुम्ही एवढं काम कशा करता, ताई?"

"करत नाही," मी म्हटलं. "तुमचा ड्रेस संक्रांतीच्या आधी होणार नाही. घाई असेल तर दुसरीकडे टाका."

ती हसली, आणि मग तिला रडू आलं. आत सासूबाईंनी चहाचं आधण ठेवलं. चहा होईपर्यंत ती शाळेचं सांगत राहिली, मी ऐकत राहिले. मग टेप घेऊन तिच्या खांद्याचं माप घेतलं.