आप्पांचं खाकरणं

फोन भावाचा होता. "ताई, शोभा गई..." एवढंच म्हणाला, आणि पलीकडून नुसता पंख्याचा आवाज येत राहिला. सासरच्या पुरुषोत्तमनगरहून माहेरी कोरीटला पोचेपर्यंत मी रडले नाही. रागच इतका आला होता. कोणाचा, ते विचारू नका.

शोभावहिनी माझी भावजय. सुरतेला तिच्या छातीतल्या गाठीचं ऑपरेशन झालं, मग केमो सुरू झाली. केस गेले, तोंड आलं, उजवा हात सुजून खांद्याच्या वर जाईना. मी सासरहून येऊन-जाऊन तिच्याजवळ माहेरी राहायचे. गावातल्या बाया भेटायला यायच्या, याच दुखण्यानं कोणाची सून कशी गेली ते रंगवून सांगायच्या, आणि निघताना वर "हिंमत ठेव!" एकीला तर मी चहासुद्धा न विचारता वाटेला लावलं. वहिनी तेव्हा हसली होती. म्हणाली, "हिंमत ठेव म्हणतस आन् उठी जातस. बसत कोनी नही."

पण तिच्या जिवाला लागलं ते आप्पांचं, माझ्या वडिलांचं वागणं. आई गेल्यापासून तिच्याच हातची भाकरी खाणारा हा माणूस. तिचे केस गेले तशी त्यांनी खाट गोठ्यात नेली आणि जेवणही तिकडेच मागवायला लागले. आमच्यात सून सासऱ्यासमोर डोक्यावरून पदर घेते. तिला तो सावरता यावा म्हणून सासरा आत शिरण्याआधी उंबऱ्याशी खाकरतो. ते खाकरणंच घरातून बंद झालं. वहिनी भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "आप्पा मन्हाकडे देखतबी नही. सडेल शे का मी?"

मी तडक गोठ्यात गेले आणि आप्पांना नाही नाही ते बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले, "मी समोर ऱ्हायनू का तिले पदर सावरना पडस. टक्कलवर ऱ्हास का तो? घडीघडी हात वर करस, दुखस तिले. मी सासरा शे... उघड्या डोकानी बस, असं कसं सांगू?"

वहिनीला सांगितलं तेव्हा ती खूप रडली. मग म्हणाली, बोलाव त्यांना. आप्पा उंबऱ्याशी येऊन खाकरले. तिचा हात सवयीनं उचलला गेला, आणि तिनं तो परत मांडीवर ठेवला. "या आप्पा, बठा." ते जमिनीकडे बघत बसले. मग तिनं विचारलं, "आप्पा, मी मरसू का?" हा प्रश्न तिनं आम्हा सगळ्यांना विचारला होता, आणि आम्ही सगळे खोटं बोललो होतो. आप्पा म्हणाले, "माले माहीत नही, बेटा. मी आठे बठेल शे, तुन्हाजवळ."

त्यानंतर रोज संध्याकाळी ती उघड्या डोक्याला खोबरेल लावून ओसरीवर बसायची आणि ते जवळ असायचे. बोलणं फारसं नसायचं. दुखायला लागलं की ती कण्हायची, लपवायची नाही. शेवटी शेवटी तिला बसवेना, तेव्हा आप्पांनी आपली खाट आत आणली.

वहिनी गेल्यानंतर, परवा मी माहेरी गेले होते. भाऊ शेतात होता आणि मी मागच्या अंगणात भांडी घासत होते. घर रिकामं होतं. आप्पा ओसरीवर आले, उंबऱ्याशी खाकरले आणि थांबले. पुन्हा खाकरले. मी हात तसेच राखेचे घेऊन दारात आले आणि म्हटलं, "या आप्पा, बठा."

ते मान खाली घालून आत आले.