अर्जंट, कूलरच्या तीन जाळ्या आणि अक्का

अक्का शांत स्वभावाची होती असं ज्यांनी ज्यांनी ग्रुपवर लिहिलंय, त्यांनी ते आधी डिलीट करा.

'सगळ्यांशी जुळवून घ्यायची' हेही.

कोणाशी? कधी? एक नाव सांगा.

माझी सख्खी मोठी बहीण होती. जळगावला एका खोलीत तिच्याजवळ राहून मी एम.ए. केलं. मला सांगता?

ऐका मग.

साल ब्याण्णव. अक्का टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर, ड्युटी आठ ते चार. मी कॉलेजात, नाहीतर कॉलेजबाहेरच्या टपरीवर.

एकदा पारोळ्याहून येताना तिने पिशवीतून पिल्लू आणलं. दीड महिन्याचं, पांढरं. त्याची आई ट्रकखाली गेलेली.

नाव ठेवलं अर्जंट. ट्रंक कॉल लावताना लोक सांगायचे ना, अर्जंट लावा, तो.

"याचं सगळंच अर्जंट असतं," म्हणाली. साडीचा ओला पदर पिळत.

घरमालक नाना अंगणापलीकडे राहायचे. मूळचे दोंडाईचाचे, बोलणं शेवटपर्यंत तिकडचंच, अहिराणी.

"कुत्रं शे ते, अक्का. दोरीघाई बांधी दे. बठ्ठा बांधतस."

सगळेच बांधतात म्हणे. अक्काने ऐकलं. आयुष्यात एकदाच.

दोन वाजता मी घरी आलो तर दोरीचे खाटेच्या पायाला वेढेच वेढे, आणि शेवटचा वेढा अर्जंटच्या गळ्याला. जीभ बाहेर. मी विळीने दोरी कापली.

संध्याकाळी अक्काने ती दोरी बंबात घातली.

दुसऱ्या दिवशी त्याला मोरीत कोंडलं. दार घट्ट लावलं. मोरीचं पाणी जायला भिंतीत भोक असतं, हे आम्ही दोघं पदवीधर विसरलो.

आणि नेमके काकूंनी, म्हणजे नानांच्या बायकोने, अंगणात धोतर अंथरून ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापड, वाळत घातलेले. ओले.

अर्जंट त्यावरून चालत गेला.

मग परत आला.

नानांनी आवाज चढवला नाही. "आते परत अंगणात दिसना, तर तो बी जाई नि तुम्ही बी."

त्या काळात लग्न न झालेल्या, नोकरी करणाऱ्या बाईला खोली मिळायला किती दारं वाजवावी लागायची, ते तुमच्या आत्यांना विचारा. आम्ही वाजवली होती.

मी म्हणालो, "अक्का, सोडून येऊ त्याला पारोळ्याला."

ती कूलरकडे बघत होती.

फाल्गुन होता. फाल्गुनात अख्खं जळगाव कूलरमध्ये नवा वाळा भरतं. अक्काने भरलेला काढला.

तिन्ही बाजूंच्या पत्र्याच्या जाळ्या उचकटल्या. सायकलची फाटकी ट्यूब चिरून पत्र्याच्या कडांवर चढवली, मग सगळ्या कडांवरून स्वतःचं बोट फिरवून बघितलं. मोरीलगतच्या गार भिंतीशी त्या तारेने बांधल्या. तीन बाजूंना जाळी, चौथी भिंत. आत एकीकडे बारदान, एकीकडे पेपर. पाण्याला दगडी खल, कारण वाटी तो उलटायचा.

"आणि आपण झोपायचं कसं?"

"ओली चादर घे."

रविवारी त्याला सवय लावायला बसली. पिल्लू आत, आपण बाहेर ओट्यावर. आधी दोन मिनिटं. मग पाच. मग पंधरा. तो आत रडायचा, ही बाहेर घड्याळाकडे बघत ओठ चावायची. तो गप्प झाल्याशिवाय आत गेली नाही.

"आणि आठ तास? एवढंसं लेकरू आठ तास कसं धरून ठेवेल?"

हे ती मला नाही, सुपरवायझरला विचारून आली. स्प्लिट ड्युटी मागितली. सकाळी सात ते अकरा, मग चार ते आठ. ती कोणी मागून घेत नसे.

"घरी कोणी आजारी आहे का?"

"नाही साहेब. लहान आहे."

"पण तुमचं तर लग्न…"

"कुत्रा आहे."

मिळाली ड्युटी.

मग आला काकूंचा उरलेल्या बिबड्यांचा दिवस. गल्लीतल्या बायका पहाटेपासून अंगणात. अक्का कामावर. आमच्या दाराला कुलूप. मी कॉलेज बुडवून ओट्यावर.

नाना अंगणात खुर्ची टाकून बसले. एक डोळा आमच्या दारावर, एक मोरीच्या भोकावर.

आतून थोडं कुईकुई झालं. मग काहीच नाही. तास, दोन तास, काहीच नाही. मला वाटलं, गेला.

अकराला अक्काची सायकल आली. घामाने निथळत तिने कुलूप काढलं.

"या नाना. बघून घ्या."

सगळ्या बायका हातातलं टाकून दारात.

अर्जंट उताणा झोपला होता. चारही पाय वर. पेपर ओला, बारदान कोरडं.

नाना वाकून जाळी हलवून बघत होते, तेवढ्यात अंगणातून काकू ओरडल्या.

नानांच्या शेळीने धोतरावरचे अर्धे बिबडे साफ केले होते.

अक्का म्हणाली, "नाना, शेयी बांधेल नव्हती का?"

बायकांनी तोंडाला पदर लावले. काकूंनी तोही लावला नाही, सरळ हसल्या.

आठ दिवसांनी नाना भर उन्हात बारीक लोखंडी जाळीची गुंडाळी खांद्यावर घेऊन दारात.

"हाई लाव कुत्राले. नि तुना कूलर जोड. मरी जाशात दोन्हीजण."

जुळवून कोणी घेतलं, सांगा आता.

पुढे अक्काची धुळ्याला बदली झाली. सामान भरताना अर्जंटची ती जाळी नानांनी स्वतः टेम्पोत चढवली, आणि ड्रायव्हरला तीनदा सांगितलं, कुत्रं पुढे बसाड, मागे धूळ लागते. अर्जंट तेरा वर्षं जगला. घरात कधीच बांधला नाही.

आज अक्काला जाऊन वर्ष झालं.

शेवटच्या आठवड्यात दवाखान्यातही तिने भांडून खिडकीजवळचा पलंग मिळवला होता. मला म्हणाली, "बघ भाऊ, दिला की नाही?"

दिला, अक्का. सगळ्यांनी दिलं तुला.

तुझा धाकटा भाऊ तुला वाकून नमस्कार करतो.

कमेंट बंद ठेवल्यात. निघतो.