भोक पाडलेला रुमाल

आज नातीनं प्लॅस्टिकचं पॅराशूट उडवलं आणि पोलादपूरची शाळा आठवली. मी तिथं नवा मास्तर होतो, लग्नाला दोन महिने झालेले, संसार जमेल की नाही याची मनात धास्ती. हवेचा धडा शिकवताना शाळेमागच्या टेकाडावरून रुमालाच्या चारी टोकांना दोऱ्यानं दगड बांधून पॅराशूट सोडत होतो. दोन रुमाल वाऱ्यावर झोके खात सावित्री नदीत गेले. उरला बायकोनं भरतकाम करून दिलेला. "गुरुजी, मधी भोक पाडा, कोंडलेली हवा वाट काढंल," सातवीतली एक मुलगी म्हणाली. मी धीर करून कातर चालवली. रुमाल न डुलता सरळ मैदानात उतरला, मुलं नाचली. घरी मात्र तो पुढं करताना माझी मान खाली होती. बायको भोकातून माझ्याकडं बघून हसली, सुईत दोरा ओवत म्हणाली, "काठ शिवून देते, नायतर उद्या वाऱ्यानं उसवंल." संसाराची माझी धास्ती तेव्हा गेली, ती गेलीच.