सिंथमधली शिट्टी

सिल्वासाच्या आमली भागातल्या आमच्या खोलीत सिंथेसायझर आला, तेव्हा बायकोने त्याला हळदकुंकू वाहिलं आणि विचारलं, "आता याच्यावर कोणतं गाणं येतं?" मी काय सांगणार, कपाळ? सुरतेच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याने नवा, बटणांचा घेतला, म्हणून हा जुना, नॉबांचा माझ्या गळ्यात मारलेला. एक नॉब फिरवला की आवाज जाड व्हायचा, दुसरा फिरवला की पातळ, आणि तिसऱ्याला हात लावला की पहिले दोन कुठे होते तेच आठवायचं नाही. काल सापडलेला आवाज आज सापडेल तर शपथ! तरी मी हरखलो होतो. खानदेशातून पोटासाठी सिल्वासात आलेला, यार्नच्या कारखान्यात मशीनवर उभा राहणारा माणूस मी. माझ्या पलंगाच्या पायथ्याशी सिंथ, रिदम मशीन, छोटा मिक्सर आणि चार ट्रॅकवाला कॅसेट रेकॉर्डर!

ही नुसती हौस नव्हती. वापीत एका गुजराती शेठची रेकॉर्डिंगची खोली होती. तो म्हणाला होता, एक कॅसेट साफ भरून आण, पसंत पडली तर तुला इथेच आवाज जुळवायला मिक्सरवर बसवतो. मला कारखान्यातून सुटायचं होतं. अथालच्या रस्त्याला आमचा कारखाना. धाग्याला पीळ देणाऱ्या आमच्या खात्यात स्पिंडल अशा किंचाळत फिरायच्या की शेजारच्याशी बोलायचं तर हातवारेच. चहाला चल, धागा तुटला, साहेब आला, सगळ्याच्या खुणा ठरलेल्या. वर्षानुवर्षं असं मुक्यासारखं काम करून जीव विटला होता.

पण कॅसेटमध्ये शिट्टी यायची. बारीक, एकसुरी, थांबायचं नाव नाही. हेडफोन लावला आणि गाणं सुरू व्हायच्या आधी जरा शांत झालं की ती हजर. मला वाटलं सिंथचं दुखणं. सिंथचा ट्रॅक काढून टाकला, तरी शिट्टी. रिदम मशीन काढलं, तरी शिट्टी. वायरी बदलल्या, रेकॉर्डरचं हेड स्पिरिटने पुसलं, ॲडॉप्टर बदलला. ओळखीचा इलेक्ट्रिशियन म्हणाला, अर्थिंगचा घोळ आहे. झालं! घरमालकाच्या हातापाया पडून खोलीमागे खड्डा खणला, मीठ-कोळसा घालून लोखंडी सळई पुरली. ती जागा ओली ठेवायची म्हणून बायको रोज सकाळी तिथे तांब्याभर पाणी घालायची. शेजारणी विचारायच्या, "काय लावलंय ताई?" ती म्हणायची, "यांचं गाणं लावलंय, बघू कधी उगवतंय."

शिट्टी जशीच्या तशी. माझं डोकं भणभणायला लागलं.

बायकोला हेडफोन लावून बसवलं. ती म्हणाली, "मला तर काहीच ऐकू येत नाही बा." मी म्हटलं, तिला काय कळतंय. मग माझ्याच खात्यातल्या तिघा मित्रांना बोलावलं. एकेकाच्या कानाला हेडफोन लावला. पहिला म्हणाला, "येतेय ना भो, चांगली येतेय." दुसरा म्हणाला, "उजवीकडून जास्त आहे." तिसऱ्याने नुसतीच मान डोलावली. एवढे जण खोटं कशाला बोलतील? माझी खात्रीच पटली की बिघाड मशीनमध्येच आहे.

तरी एकदा धीर करून कॅसेट वापीला नेली. शेठने डोळे मिटून ऐकली. शिट्टीबद्दल मी आधीच माफी मागितली, तर तो माझ्याकडे बघतच राहिला. "अवाज तो चोख्खो छे, भाई. शिट्टी कुठे आहे?" वर म्हणाला, "पण रिदम मशीनच्या झांजा इतक्या टोकदार का ठेवल्यास? कान कापले जातात. त्या कमी करून पुन्हा आण." मी चक्रावलो. झांजा तर मला बारीक वाटत होत्या म्हणूनच वाढवलेल्या! घरी येईपर्यंत बसमध्ये मी धुमसत होतो. जे आहे ते त्याला ऐकू येत नाही, आणि जे नाही ते त्याला टोचतं. हा कसला रेकॉर्डिंगवाला?

पुढच्या सुट्टीला दुपारी तिघा मित्रांना परत बोलावलं. आज सोक्षमोक्ष लावायचाच. सिंथ चालू, मिक्सर चालू, स्पीकरवर कोरी कॅसेट लावलेली, आणि आम्ही चौघं कान देऊन बसलेले. तेवढ्यात लाइट गेली.

पंखा थांबत थांबत थांबला. मागच्या बाजूच्या कारखान्याची घरघरही बंद पडली. आमलीत इतकं शांत मी कधी ऐकलं नव्हतं. एरवी काही ना काही घोंघावत असायचंच.

"भो," उजवीकडून जास्त म्हणणारा हळूच म्हणाला, "तू बंद केलं ना सगळं?"

"लाइटच नाही, बंद काय करू?"

"मग हे काय वाजतंय?"

तिसऱ्याने करंगळी कानात घालून जोरजोरात हलवली, थांबला, पुन्हा हलवली. आम्ही एकमेकांकडे बघत होतो आणि चौघांनाही कळत होतं की चौघांनाही ऐकू येतंय. चहा तसाच ठेवून ते उठले. दारात पहिल्याने खूण केली, आमच्या खात्यातली, उद्या पहिली पाळी म्हणून. शांत खोलीतसुद्धा हातानेच.

म्हणजे कॅसेट पहिल्या दिवसापासून साफ होती; शिट्टी स्पिंडलांनी आमच्या कानातच भरली होती. मीठ-कोळसा, सळई, रोजचा तांब्या, सगळं फुकट. आणि झांजा टोचत होत्या त्या शेठला, कारण मला त्या नीट ऐकूच येत नव्हत्या. ज्याला झांज धड ऐकू येत नाही त्याला मिक्सरवर कोण बसवणार? वापीला आता काय तोंड घेऊन जायचं?

लाइट आल्यावर बायकोने विचारलं, "काय झालं? तोंड का असं?" सांगण्याऐवजी मी सिंथपाशी जाऊन बसलो. त्या जुन्या सिंथमध्ये एक गंमत होती. फिल्टरचा नॉब पार टोकाला नेला की तो पट्टीला हात न लावता आपला आपण शिट्टी मारायचा. मी तसं केलं. मग दुसरा नॉब हळूहळू फिरवत ती शिट्टी वर नेली, आणखी वर, माझ्या शिट्टीत मिसळून जाईपर्यंत. मग आवाज वाढवला, दोन्ही सारख्या होईपर्यंत. त्या सिंथमधून मला हवा तोच आवाज नेमका निघाला, असं पहिल्यांदाच झालं.

बायकोने दोन्ही कानांवर हात दाबले. "अहो, बंद करा! हे काय?"

"हे असं येतं मला."

तिने हात काढले. "हे? एवढं?"

"हो."

"आत्ता पण?"

"आत्ता पण."

तिचे डोळे भरले. तिने घाईघाईने हात पुढे केला आणि आवाजाचा नॉब शून्यावर आणला.

"गेलं," ती म्हणाली. "गेलं ना हो?"

"गेलं," मी म्हटलं.