आंडेर की आंडोर

मी मुळात भित्री. वर्गात पन्नास पोरांना दटावणारी बाई घरी पाल दिसली की कॉटवर चढून बसते, हे माझ्या शाळेत कुणाला ठाऊक नाही. त्यामुळे टीव्हीवरचा एक नायक माझ्या प्रेमात पडला, तेव्हा मला आनंदाच्या आधी घाम फुटला.

त्या हिवाळ्यात पाचोऱ्याजवळच्या एका खेड्यात मालिकेचं शूटिंग होतं. नायक खान्देशी शेतकरी, आणि त्याला अहिराणीचा गंध नाही. म्हणून त्याला बोली शिकवायला कुणीतरी हवं होतं. शाळेच्या स्नेहसंमेलनात मी अहिराणी नाटुकली बसवते, तेवढ्यावर मला बोलावलं गेलं. शाळा सुटली की मी तिथे जायची, त्याची वाक्यं घोकून घ्यायची, आणि कॅमेऱ्यासमोर तो अडला की कोपऱ्यातून हळूच शब्द पुरवायची. अडायचा क्वचितच. पाठांतर पक्कं होतं त्याचं.

एकदा वाक्य होतं, 'माले तू आवडस.' त्याने ते चार वेळा म्हटलं. पाचव्यांदा कागद खाली ठेवून, माझ्याकडे बघून म्हटलं. मी उच्चार तपासायच्या सुरात "बरोबर आहे" म्हणाले आणि थेट स्कूटीपाशी जाऊन उभी राहिले.

मग आमचं भेटणं सुरू झालं. जळगावला जायचो, माझ्याच स्कूटीवर. इकडे उन्हाधुळीला सगळेच तोंडाला स्कार्फ गुंडाळतात. मी त्यालाही तसाच गुंडाळून मागे बसवायची. घराघरांत ओळखीचा तो चेहरा, पण सिग्नलला कुणी ढुंकून बघत नसे. त्याला या प्रकाराची फार गंमत वाटायची. मला मात्र प्रत्येक हॉर्न ओळखीच्या माणसाचा वाटायचा.

पण लोकांपेक्षा मला त्याचीच भीती जास्त होती. रडायला ग्लिसरीन लागत नाही, असं त्यानेच अभिमानाने सांगितलं होतं. असा माणूस खरं कधी बोलतो, हे ओळखायचं कसं? प्रेमाचं जे काही तो अहिराणीत बोलायचा, ते मीच शिकवलेलं. उद्या शूटिंग संपलं की तो मुंबईला, दुसऱ्या मालिकेत, दुसऱ्या बोलीत. मी इथेच राहणार, पाचोऱ्यात, आणि भाजीवालीसुद्धा मला बघून हसणार. तसं झालं तर मी कोलमडेन, हे मला स्वच्छ कळत होतं.

शूटिंगचे चार दिवस उरले, तेव्हा तो म्हणाला, "मला तुझ्या वडिलांना भेटायचंय."

"कशाला?"

"ते त्यांना सांगेन."

घरी मी सांगितलं की मालिकेतले नायक जेवायला येताहेत, बोली ऐकायला. भाऊ लग्न होऊन नोकरीच्या गावी गेल्यापासून घरात पाहुणा नव्हता, आई हरखली. आबा नुसते 'हं' म्हणाले. आबांचा जन्म जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवण्यात गेला. मूठभर कापूस चिमटीत ओढून ते न बोलता माल बाजूला करायचे. माणसांशीही त्यांचं तसंच.

रविवारी दुपारी तो आला. आईने शेवभाजी केली होती, आमच्याकडची, लालभडक तर्रीची. तिसऱ्या घासाला त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

"पानी पे, भाऊ," आई म्हणाली.

मी मात्र त्या धारांकडेही संशयाने बघत होते. तर्रीच्या, की ग्लिसरीनशिवायच्या?

पाणी पिऊन त्याने हात जोडले, आबांकडे वळला आणि एका दमात म्हणाला, "आबा, माले तुमनी आंडोर आवडस."

माझ्या हातातली पोळी हातातच राहिली. आंडेर म्हणजे लेक. आंडोर म्हणजे मुलगा. हे शब्द मी त्याला शिकवले नव्हते आणि मालिकेत तर ते नव्हतेच. कुणाला तरी विचारून त्याने ते स्वतः गोळा केले होते आणि घाबरून नेमका चुकीचा उचलला होता. कॅमेऱ्यासमोर सहसा न अडणारा माणूस आमच्या स्वयंपाकघरात चुकला होता. तो खरं बोलत होता. मला रडूच येणार होतं.

आबांनी घास संपवला. "आंडोर?" ते शांतपणे म्हणाले. "त्यानं ते लगीन व्हई गये."

आई तोंडाला पदर लावून वळली. त्याला काय चुकलं ते कळेना. कानापर्यंत लाल झाला आणि सेटवर अडल्यावर बघायचा तसा त्याने माझ्याकडे बघितलं. शब्द पुरव म्हणून.

आता शब्द पुरवायचा म्हणजे स्वतःलाच पुढे करायचं. गप्प बसले असते तर सगळं हसण्यावारी गेलं असतं. आबा माझ्याकडेच बघत होते. आयुष्यात इतकी भीती मला कधी वाटली नव्हती.

"आंडेर," मी म्हणाले.

"आंडेर," तो घाईघाईने म्हणाला. "आबा, माले तुमनी आंडेर आवडस."

आबांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. मला विचारलं, "आनि तुले?"

"माले बी आवडस," मी म्हणाले. तीन महिने हे वाक्य मी त्याच्याकडून घोकून घेत होते आणि स्वतः एकदाही म्हटलं नव्हतं.