आधी बॉल, मग नमस्कार

देवासच्या आमच्या मैदानावरचे किस्से गोळा करावे लागत नाहीत; बुटांच्या चिखलासारखे आपोआप घरापर्यंत येतात. मी बारा वर्षांखालच्या मुलींच्या फुटबॉलची शिकाऊ रेफरी, त्यामुळे माझे बहुतेक किस्से घाबरण्याचेच!

पहिल्याच मॅचला शिट्टी फुंकली आणि मीच दचकले. गोलकीपरने इकडेतिकडे बघत विचारलं, "दीदी, किसने बजाई?"

•

टोंकखुर्दच्या मॅचला एकीला पिवळं कार्ड दाखवलं. "थँक्यू" म्हणत तिने ते घेतलं आणि बाहेर आईकडे देऊन आली! परत मागायला मीच भीतभीत गेले. आई म्हणाली, "पहला ही है बेटा, घर में लगाने दो ना!"

•

एकदा चष्मा पुसायला काढला, तेवढ्यात गडबड उडाली. मी घाबरत गोलकीपरलाच विचारलं, "गोल झाला का गं?"

"हो दीदी," ती खरं तेच म्हणाली. "अब रोऊं?"

•

खरी पंचाईत नमस्काराची. कुणाला पाय लागला की वाकून हात लावून नमस्कार करायचा, ही घरची सवय. आमच्या देवासच्या टीमची डिफेंडर तन्वी भर मॅचमध्ये वाकायची, तोवर समोरची बॉल घेऊन पसार! कोच कोळेकर सर ओरडून थकले: "अगं, आधी बॉल, मग नमस्कार!"

•

आणि मग धारविरुद्धची फायनल. ठरलेले रेफरी आलेच नाहीत, शिट्टी माझ्या गळ्यात पडली. धारचे कोच मोठ्याने म्हणाले, "मॅडम तो देवास की ही हैं ना?" एक निर्णय चुकला की पुन्हा कुणी शिट्टी हातात देणार नव्हतं.

बरोबरी. शेवटची मिनिटं. धारची स्ट्रायकर आमच्या गोलसमोर कोसळली. मध्ये मुलींची गर्दी. मला काहीच दिसलं नाही!

"पेनल्टी!" धारवाले ओरडले.

"नाटक है, भिया!" आमचे.

शिट्टी ओठांत धरून मी एकेकीच्या तोंडाकडे बघत राहिले. तन्वीने माझ्याकडे पाहिलं, मग सरांकडे. आणि हळूच वाकायला लागली.

"तन्वे!" सर किंचाळले, "आत्ता नमस्कार नको!"

"पण सर," तिचा हात स्ट्रायकरच्या बुटाला टेकलेला, "पाय लागलाय ना!"

मी शिट्टी फुंकली आणि पेनल्टीच्या खुणेकडे हात केला.

धारचे कोच शेजारच्याला विचारत होते, "मॅडम देवास की ही हैं ना?"